साडेतीन इंच

अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीत तू नेमकं काय करायचीस, असं कुणी विचारलं की मी ‘टेस्टिंग’ म्हणते आणि आमटी अजून वाढू का ते विचारते. समोरच्याला वाटतं सॉफ्टवेअर. वाटू दे. खरं सांगायचं तर ऐंशीच्या दशकातली माझी सहा वर्षं मिशिगनमधल्या एका बिनखिडकीच्या शेडमध्ये बाण मारण्यात गेली. तेही शिकारीचे बाण.

तिकडे धनुष्यबाणाने हरणं मारायचा लोकांना फार नाद. ऑक्टोबर उजाडला की दुकानदार, शाळामास्तर, दातांचे डॉक्टर असे सगळे हिरवे-तपकिरी कपडे घालून झाडावर चढून बसतात. सरावाच्या बाणाला साधं निमुळतं टोक असतं. शिकारीच्या बाणाला मात्र दोन, तीन किंवा चार धारदार पाती असलेलं टोक लावतात, त्याला ब्रॉडहेड म्हणतात. आमची कंपनी ही ब्रॉडहेड बनवायची. ती नेमावर जातात का आणि लागल्यावर किती खोल घुसतात, हे पाहणं माझं काम. नागपुरात इंजिनिअर होऊन, ॲन आर्बरच्या विद्यापीठातून मेकॅनिकलची मास्टर्स करून मी या कामाला लागले होते. हसू येत असेल तर हसून घ्या, मी तेव्हाही हसले नाही.

मी पास झाले तेव्हा त्या भागातल्या गाड्यांच्या कंपन्या माणसं काढत होत्या. नव्याने कुणी घेत नव्हतं, आणि घेतलं तरी व्हिसाचं नाव काढलं की पुढचा फोन येत नव्हता. ॲन आर्बरपासून तासाभरावरच्या एका गावातल्या या कारखान्याच्या मालकाने मात्र बोलावलं. साठीचा माणूस, डोक्यावर मळकी टोपी. त्याने एकच प्रश्न विचारला, आयुष्यात कधी धनुष्य हातात धरलं आहेस का. नाही म्हटल्यावर तो म्हणाला की बरं झालं, म्हणजे वाईट सवयी नसतील. मला तो माणूस आवडला. ही गोष्ट मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते आहे.

वर्षभराने त्याने माझ्या ग्रीन कार्डाचे कागद भरले. या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही हे सरकारला दाखवावं लागतं, म्हणून वकिलाने माझ्या नोकरीचं वर्णन इतकं बारीक शिवलं होतं की त्या मापात पूर्ण अमेरिकेत माझ्याशिवाय कुणी बसलंच नसतं. तेव्हा ते वाचून मी खूश झाले होते. त्या मापात आपण एकट्याच बसतो म्हणजे आपल्याला दुसरीकडे कुठेच बसता येत नाही, हे कळायला दोन हिवाळे जावे लागले. नोकरी सोडली की फाइल बंद, नव्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला गेलेली माझी कॉलेजातली मैत्रीण दर रविवारी फोनवर तेच ऐकवायची, “अगं, सोड ना यार ते. इकडे ये, इथे रोज नवीन ओपनिंग्ज निघतायत.” मी तिला फाइलचं सांगायचे आणि ती म्हणायची, “हो, ते पण आहेच.” मग आम्ही दोघी हवामानावर यायचो.

शेड लांबट आणि अरुंद होतं. एका टोकाला लोखंडी चौकटीत धनुष्य घट्ट बसवलेलं, दुसऱ्या टोकाला निशाण. मी बाण लावायचा, खटका दाबायचा, चालत जायचं, मोजायचं, बाण उपसायचा, चालत परत यायचं. दिवसातून शंभर वेळा तीच तीस यार्डं. हिवाळ्यात सकाळी अंधारात आत जायचे आणि अंधारातच बाहेर पडायचे, मधला दिवस कसा गेला ते मला ट्यूबलाइटवरूनच कळायचं. एकदा मी सबंध आठवडा रोज किती मैल चालले त्याचा हिशेब केला आणि तो कागद फाडून टाकला.

घरी मी पत्रात ‘एका कारखान्यात टेस्टिंग इंजिनिअर’ एवढंच लिहिलं होतं. कसला कारखाना ते लिहिलं नव्हतं. बाबा पोस्टात कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पंचशील अगदी मनावर घेतलं आणि मटण सोडलं. रोज सकाळी वंदना, पौर्णिमेला उपोसथाचा उपवास. लहानपणी त्यांच्यामागून मी प्राणिहत्या न करण्याचं शील म्हटलं होतं, आणि इथे मी हरणाच्या बरगडीतून पातं कसं सुरळीत जाईल ते बघत होते. मला स्वतःला शिकारीची शिसारी होती असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या घरचा रस्सा खाऊन वाढलेली मी, मला तो दिखावा जमायचा नाही. मला फक्त बाबांना कळायला नको होतं.

पाचव्या वर्षी सप्टेंबरात बाबा एकटेच आले, तीन महिन्यांसाठी. आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती आली नाही. माझ्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये त्यांनी पहिल्या दिवशी भिंत मोजून बुद्धमूर्तीसाठी जागा केली, दुसऱ्या दिवशी खालच्या टपालपेटीवर गाडी किती वाजता येते ते पाहून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, “कारखान्यात नेमकं काय बनते बेटा?” मी सांगितलं. न थांबता, भाजी चिरता चिरता, सगळं सांगून टाकलं. त्यांनी चिरलेली भाजी ताटलीत गोळा केली. मग म्हणाले, “शनिवारी मला घेऊन चाल.”

शनिवारी शेडमध्ये दुसरं कुणी नसायचं. मालकाने परवानगी दिली, वर एक गादीची खुर्चीही आणून ठेवली. बाबा कोट घालून आले होते. त्यांनी एक ब्रॉडहेड उचललं, धार न लागू देता तळव्यावर घेतलं आणि वजन विचारलं. मी ग्रेनमध्ये सांगितलं, एका ग्रॅमला साधारण पंधरा ग्रेन. ते ग्रेन म्हणजे काय ते समजून घ्यायला बसले. पस्तीस वर्षं पत्रं आणि पार्सलं तोलणाऱ्या माणसाला इतकं हलकं वजन इतक्या बारकाईने मोजतात याचं नवल वाटलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि तिरस्काराची वाट पाहत होते. तो आला नाही. त्यांनी वजनाचा काटा दोनदा शून्यावर आणून पाहिला.

त्याच दिवसांत मालकाने तुलनेची चाचणी काढली होती. बाजारातल्या चार कंपन्यांची चार ब्रॉडहेड आणि आमचं नवं, अशी पाच. प्रत्येकाचा नेम आणि प्रत्येकाची खोली मोजून एका पानाचं पत्रक छापायचं आणि दुकानादुकानातून वाटायचं. खाली चाचणी घेणारी म्हणून माझं नाव आणि माझी डिग्री. मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये मी काय करते ते पहिल्यांदा कुठेतरी लिहिलं जाणार होतं. ग्रीन कार्डाची मुलाखतही त्याच सुमाराला लागली होती. मुलाखतीला जाताना एकच मोठा कागद लागणार होता, ही नोकरी अजून आहे आणि ही बाई अजून ती करते आहे असं मालकाच्या सहीचं पत्र.

कामाला दोन माणसं असली की बरं पडतं. एकाने मारायचं, एकाने लिहायचं. बाबा म्हणाले, मी लिहितो. घरी दिवसभर बसून ते कंटाळलेही होते. मी त्यांना कंपनीची जाड वही दिली. सबंध सकाळ मी आकडे ओरडत होते आणि ते मान खाली घालून लिहीत होते. दुपारी डबा खाताना वही उघडली तर सगळे आकडे मराठीत. आणि नुसते मराठीत नव्हे, पाव-अर्ध्याचे जुने दंड मारून. तीन इंच आणि पाव असेल तर तिनापुढे एक उभा दंड, अर्धा असेल तर दोन, पाऊण असेल तर तीन. बाबांच्या लहानपणच्या शाळेत त्यांना दाराबाहेर बसवायचे, तिथून ऐकून ऐकून त्यांनी पावकी आणि निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढे, पाठ केली होती. इंच म्हटल्यावर, पाव म्हटल्यावर, त्यांचा हात आपोआप त्या दंडांकडे गेला. ऑफिसात पस्तीस वर्षं इंग्रजीत लिहिलेला माणूस, पण लेकीच्या तोंडून ‘साडेतीन’ ऐकल्यावर इंग्रजी आठवणार कुठून. मी चिडले नाही. नंतर इंग्रजीत उतरवून घेऊ, असं म्हटलं आणि पुढे काम चालू ठेवलं.

नेमाची चाचणी आधी झाली. साध्या टोकाचा बाण जिथे लागतो तिथेच ब्रॉडहेडचा बाण लागेल असं नसतं. पाती हवा धरतात आणि बाण भरकटतो, पातं जितकं मोठं तितका जास्त. आमच्या नव्या ब्रॉडहेडची पाती आखूड, पातळ आणि मध्ये भोकं पाडलेली होती, त्यामुळे ते साध्या टोकाइतकंच सरळ जायचं. पाचांत पहिलं आलं, आणि दुसरं त्याच्या जवळपासही नव्हतं. बाबांनी मान डोलावली. आपल्या कंपनीचं म्हणून त्यांनाही बरं वाटलं असावं.

खोलीची चाचणी पुढच्या शनिवारी. एका चौकटीवर हरणाचं कातडं ताणलेलं, त्यामागे हाडाच्या जागी पातळ प्लायवूड, त्यामागे फोमचे दाबून बसवलेले थर. बाकीची चार टोकं प्लायवूड फोडून फोमात आठ-नऊ इंच गेली. आमचं साडेतीनवर थांबलं. मला वाटलं बाण खराब आहे, बाण बदलला. सव्वातीन. टोक बदललं. पावणेचार. परत साडेतीन. चौकट उघडून पाहिली तर पाती प्लायवूडपाशीच मिटून गेली होती. भोकांमुळे ती तिथेच वाकत होती. दहा बाण मारले, दहाही तसेच.

बाबांनी वही मिटली नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “हे जनावराला लागलं, तर त्याचं काय होते?”

मी सांगितलं. फासळ्यांच्या मधून लागलं तर काही फरक नाही. पण खांद्याच्या हाडाला लागलं तर टोक तिथेच अडकतं, आत पोचत नाही. जनावर पळून जातं. दोन दिवस जगतं, कधी चार, मग कुठेतरी पडतं.

“आणि ते बाकीचे चार?”

“मिनिटभर. फार तर दोन.”

ते म्हणाले, “म्हणजे मोजलं ते बरं झालं,” आणि चष्मा खाली घेऊन शेवटच्या ओळीखाली रेघ मारली. घरी परतताना त्यांनी पूर्ण रस्ता झाडांकडे बघत काढला. पानांना रंग चढायला लागला होता आणि मला उगाच हलकं वाटत होतं. दोष सापडला होता, तो मी शोधला होता, आता तो दुरुस्त होईल. इंजिनिअर माणसाला याहून काय हवं असतं.

सोमवारी मी मिटलेली पाती मालकाच्या टेबलावर ठेवली. त्याने एक उचललं, फिरवलं आणि परत ठेवलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, हे मला लगेच कळलं. तो सावकाश बोलत गेला. लोक घरामागच्या अंगणात फोमवर सराव करतात, आणि जे नेमावर लागतं ते विकत घेतात. खोली घरी कुणी मोजत नाही. साचे तयार झालेत, दुकानांचा माल निघाला आहे, सीझन तोंडावर आहे. पुढच्या वर्षी पातं जाड करू, हा शब्द दिला. मग पत्रकाचं. नेमात आपण पहिले आहोतच, खोलीत बाकीच्यांच्या किंचित मागे दाखव. साडेसात इंच पुरे.

मी म्हटलं, आकडे वहीत आहेत. त्याने वही उघडली. बाबांच्या टाकाच्या वळणातले ते आकडे आणि दंड तो बराच वेळ बघत राहिला, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग त्याने वही अगदी अदबीने मिटून माझ्या हातात दिली.

“मला यातलं काही वाचता येत नाही,” तो म्हणाला. “तू इंग्रजीत काय उतरवशील तेच मला दिसणार.”

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्याने सांगितलं की मुलाखतीचं पत्रही टाइप होऊन आलं आहे, शुक्रवारी पत्रकाच्या मसुद्यावर तुझी आणि पत्रावर माझी, अशा दोन्ही सह्या एकदमच करून टाकू. तो धमकी देत होता का? मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वर्षांत इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याचं उत्तर काही आलं तरी मला फरक पडत नाही. बहुधा नसावा देत. बहुधा त्याला खरंच दोन सह्या एका वेळी उरकायच्या होत्या. धमकी असती तर मी चिडले असते, आणि चिडल्यावर माझं डोकं बरं चालतं. इथे चिडायला जागाच नव्हती. समोर एक भला माणूस होता, त्याच्याकडे बावीस माणसं कामाला होती, आणि त्या गावात फक्त दोघांना वाचता येईल अशी एक वही माझ्या काखेत होती.

ते चार दिवस मी नीट जेवले नाही. शेडमध्ये चकरा मारायचे आणि डोक्यातही तेवढ्याच चकरा. सही केली नाही तर? पत्र नाही, मुलाखत नाही, पाच वर्षं पाण्यात, आणि सामान बांधून परत. परत जायला वाईट काय होतं, असं आज कुणीही म्हणेल. पण आमच्या वस्तीतून परदेशी शिकायला गेलेली मी पहिली मुलगी होते. जाताना लोक स्टेशनवर हार घेऊन आले होते. आपल्या मुलींना माझं उदाहरण देत होते. मला त्या सगळ्यांचा राग यायचा, आणि मग राग आल्याची लाज वाटायची. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “अगं, एक नंबर तर आहे. पुढच्या वर्षी फिक्स करतायत ना ते?” तीही खोटं बोलत नव्हती. प्रत्येकजण बरोबरच बोलत होता, त्यामुळे मला बाहेर पडायला कुठून जागाच सापडेना. बाबा संध्याकाळी वरणभात करून ठेवायचे. मी आज डोकं दुखतंय म्हणायचे. ते माझं ताट झाकून ठेवायचे.

गुरुवारी मी टाइप केलं. चार टोकांचे आकडे बाबांनी लिहिले तसेच उतरवले. आमच्या टोकापुढे साडेसात लिहिलं. टाइपरायटरवर ते लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला, हे मला अजून आठवतं. मला वाटलं होतं जास्त लागेल.

शुक्रवारी दोन्ही सह्या झाल्या. मुलाखत दहा मिनिटांत उरकली, मुलाखत घेणाऱ्या बाईने पत्र पाहिलंही नीट नाही. पत्रकं छापून आली तेव्हा मी एकही घरी नेलं नाही. तरी पुढच्या शनिवारी मालक स्वतः शेडमध्ये आला, बाबांशी हस्तांदोलन केलं आणि एक पत्रक त्यांच्या हातात देऊन खालचं माझं नाव बोटाने दाखवलं. त्याला खरंच अभिमान वाटत होता. बाबांनी चष्मा लावला आणि पत्रक वरून खालपर्यंत वाचलं. ते इंग्रजी सावकाश वाचायचे, एकही शब्द न गाळता. मी चौकटीवरचं कातडं उगाच घट्ट करत राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी मालकाचे आभार मानले आणि पत्रक घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला, टेबलावर पत्रक उलगडलं आणि पेन मागितलं. साडेसातवर एक आडवी रेघ ओढली. खालचा आकडा वाचता येईल अशी, खाडाखोड नाही. शेजारी तीन लिहून दोन दंड मारले. मग त्याखाली आखूड सही आणि तारीख. पोस्टात चूक झाली की अशीच दुरुस्त करायची असते, म्हणजे चूक काय होती, दुरुस्त कुणी केली आणि कधी, हे कुणालाही दिसतं.

“बाबा, मुलाखत होती,” मी म्हटलं.

“माहीत आहे बेटा. तू अडकून राहिली होती, मला काय दिसून नव्हतं राहिलं?” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मी तुला काही म्हणून नाही राहिलो. हे मी घेऊन जातो.”

ते काही म्हणाले असते तर मी भांडले असते. माझ्याकडे सगळी कारणं तयार होती, मुद्देसूद, चार दिवस घासून ठेवलेली. ती तशीच राहिली. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोट दुखेपर्यंत रडले. बाहेर आले तर ते कांदा कापत होते.

नोव्हेंबरात ते परत गेले. त्यांचं सामान भरताना मी एका पाकिटात रेघ न मारलेली तीन पत्रकं घालून बॅगेत ठेवली आणि त्यांना सांगितलं, कुणाला दाखवायची झाली तर ही दाखवा. त्यांनी पाकीट पाहिलं आणि बरं म्हणाले. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला वाटलं की सगळं मिटलं.

डिसेंबरात कंपनीकडे गिऱ्हाइकांची पत्रं यायला लागली. फार नाहीत, तीनच. एकात एका माणसाने लिहिलं होतं की खांद्यात लागलेल्या हरणाच्या मागे तो आणि त्याची मुलगी दोन दिवस फिरत होते, पहिल्या दिवशी रक्त दिसत होतं, दुसऱ्या दिवशी तेही दिसेनासं झालं. मुलीने आता पुन्हा येणार नाही म्हणून सांगितलं. त्याला राग नव्हता, आपलं काय चुकलं ते त्याला विचारायचं होतं. उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं की बाण खांद्याच्या किंचित मागे लागायला हवा होता. ते खोटं नव्हतं. मालकाने शब्द पाळला, पुढच्या वर्षी पातं जाड केलं, ते मीच तपासलं आणि ते आठ इंच गेलं. ग्रीन कार्ड आलं त्यानंतर मी आणखी काही महिने तिथे काढले. लगेच सोडणं बरं दिसलं नसतं म्हणून. पिंजऱ्याचं दार उघडल्यावरही मी आत बसून राहिले ते शिष्टाचार म्हणून, आणि हे मला माझंच सगळ्यात जास्त लागतं.

नोकरी सोडली त्या हिवाळ्यात मी नागपूरला गेले. शिकायला निघाल्यापासून पहिल्यांदाच. घरात पाय ठेवला तेव्हा पुढच्या खोलीत आठ-दहा माणसं जमलेली होती, आणि समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेमीत ते पत्रक होतं. रेघ ओढलेलं, दंड मारलेलं, सहीचं. शेजारच्या काकू मला हाताला धरून त्याच्यासमोर घेऊन गेल्या. बाबा येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतात, पोरीचं नाव अमेरिकेत छापून आलं म्हणून सांगतात, असं त्या म्हणाल्या. निळ्या शाईबद्दल त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. कुणालाच वाटलं नसावं. लोक नाव बघत होते.

सगळे गेल्यावर मी बाबांना विचारलं, मी तीन चांगल्या कॉपीज दिल्या होत्या, त्या कुठे आहेत.

“पेटीत आहेत,” ते म्हणाले. “त्या चुकीच्या आहेत ना बेटा. चुकीच्या कागदावर तुझं नाव, ते मी भिंतीवर कसं लावू?”

ते आत चहा सांगायला गेले. मी फ्रेमीसमोर उभी राहिले. खाली छापलेलं माझं नाव होतं, वर शाईतला तो बरोबर आकडा, आणि त्या आकड्याखाली सही बाबांची. ती माझी असायला हवी होती.